‘कंबर दुखते’ म्हणजे नेमके कोठे?

‘डॉक्टर, कंबर दुखते,’ असे एखाद्या ज्येष्ठ रुग्णाने सांगितले, की मी त्यांना एक विनंती करतो. सध्या काही बोलू नका, दुखते तेथे फक्त हात ठेवून दाखवा. एकाचा हात पाठीच्या कण्यावर, पट्ट्याच्या रेषेत जातो. दुसरे गृहस्थ कुल्ल्याच्या मधोमध मूठ दाबून धरतात. तिसऱ्या बाई मांडीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला जो टणक उंचवटा लागतो, त्यावर बोट टेकवतात आणि ‘या कुशीवर झोपताच येत नाही’ म्हणतात. चौथ्या आजी आधी सोबत आलेल्या मुलाकडे पाहतात, आणि तो पाहत नाही अशी खात्री झाल्यावर जांघेकडे नुसता इशारा करतात. शब्द एकच, पण दुखणी चार, आणि त्यांचे उपचारही चार.

या भागासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. खुबा, कुल्ला, जांघ, माकडहाड, मांडी, सगळे शब्द जुने आणि नेमके आहेत. पण चारचौघांत, त्यातही मुलासुनेसमोर, ते उच्चारायचे कसे? म्हणून सगळ्यांची मोट ‘कंबर’ या सभ्य शब्दात बांधली जाते. आम्हा डॉक्टरांकडूनही कसूर होते. रुग्णाला उताणे झोपवायचे, छाती-पोट पाहायचे, रक्तदाब मोजायचा. शरीराची मागची बाजू कित्येकदा पाहिलीच जात नाही. या संकोचाची किंमत काय असते, हे मी सुमारे वीस वर्षांपूर्वी शिकलो. चूक माझी होती, म्हणून ती येथे सांगतो.

श्रावणाचे दिवस होते. शहात्तर वर्षांच्या एक आजी मुलाबरोबर रिक्षाने आल्या. तीन दिवसांपूर्वी तुळशीला पाणी घालताना शेवाळावर पाय घसरून त्या बसकण मारून पडल्या होत्या. दवाखान्याच्या दोन पायऱ्या त्या स्वतः चढल्या. ‘गुडघा फार ठणकतोय हो, डॉक्टर,’ एवढीच तक्रार. मी गुडघा तपासला. सूज फारशी नव्हती. जुनी झीज होतीच. चालत आल्या आहेत, त्या अर्थी मोठे काही नसावे, असे मी मनाशी ठरवून टाकले. वेदनाशामक गोळ्या, शेक आणि विश्रांती सांगून त्यांना परत पाठवले. तीन दिवसांनी सूनबाईंचा फोन आला. ‘डॉक्टर, सासूबाई रात्री उठायला गेल्या आणि कोसळल्या. त्यांचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलाय, आणि डाव्यापेक्षा आखूड दिसतोय.’ निदान त्या वाक्यातच होते आणि ते माझे नव्हते. मांडीच्या हाडाची मान मोडली होती. पहिल्या पडण्यात ती तडकून एकमेकांत रुतून बसली होती, म्हणून आजी चालू शकत होत्या. दुसऱ्या वेळी ती सुटली. ‘जागेवरून हलण्याआधी आल्या असत्या तर स्क्रूंवर भागले असते,’ असे अस्थिशल्यचिकित्सक मला म्हणाले. आता मात्र हाडाचा गोळा काढून कृत्रिम गोळा बसवावा लागला.

मी बरा झालेला घाव पाहायला गेलो तेव्हा आजींनी सांगितले, की गुडघा दुखत होता हे खरेच, पण पहिल्या दिवसापासून जांघेतही कळ येत होती. ‘मुलगा शेजारी उभा होता. त्याच्यासमोर जांघ कशी म्हणू?’

येथे शरीररचना थोडी समजून घेऊ या. ओटीपोटाभोवती हाडांचा जो घेर आहे, त्याच्या प्रत्येक बाजूला तीन हाडे लहानपणी वेगळी असतात आणि वयात येताना एकजीव होतात. ती जेथे मिळतात तेथे एक खोल वाटी तयार होते. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते, ते या वाटीत बसते. हाच खुब्याचा सांधा. आपण कुल्ल्यावर हात ठेवून ‘खुबा’ म्हणतो खरे, पण सांधा तेथे नाही. तो खोल आहे आणि पुढच्या बाजूस, जांघेच्या मागे आहे. म्हणून सांध्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते. शिवाय खुब्याकडे आणि गुडघ्याकडे जाणारे काही मज्जातंतू एकाच मुळातून निघतात, त्यामुळे मेंदूची फसगत होते आणि खुब्याची वेदना गुडघ्यात भासते. तेव्हापासून ज्येष्ठ माणसाचा गुडघा दुखत असेल तर मी आधी त्यांचा खुबा फिरवून पाहतो. पाय आत वळवताना जांघेत कळ आली, तर गुडघा निर्दोष ठरण्याची शक्यता मोठी असते.

मान मोडणे इतके गंभीर का, याचे उत्तर रक्तपुरवठ्यात आहे. त्या गोळ्याला पोसणाऱ्या रक्तवाहिन्या प्रामुख्याने मानेला लगटूनच वर चढतात. मान मोडून सरकली की त्या तुटतात, आणि गोळा उपाशी राहून आतून खचू लागतो. मानेच्या थोडे खाली हाड मोडले तर गोळ्याचे पोषण बहुधा टिकते. तेथे प्रश्न रक्तस्रावाचा आणि हाड पक्के बसवण्याचा असतो. दोन्ही प्रकारांत शस्त्रक्रिया शक्य तितकी लवकर, प्रकृती साथ देत असेल तर एक-दोन दिवसांत, व्हावी हे उत्तम. ‘या वयात कशाला चिरफाड, पडून राहिल्या की जुळेल’ हा सल्ला कानावर आला तर तो मानू नका. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला हाडापेक्षा न्यूमोनिया, पायात साखळणारे रक्त आणि शय्याव्रण यांचे भय अधिक असते.

तेव्हा घरातले कोणी पडले, तर तीन गोष्टी पाहा. पाऊल बाहेर वळले आहे का, पाय आखूड दिसतो का, आणि झोपलेल्या स्थितीत सरळ पाय उचलता येतो का. यातले काही आढळले तर त्यांना उभे करू नका, चोळू नका, रुग्णवाहिका बोलवा. यातले काहीच नसले आणि माणूस चालत असला, तरी जांघेत किंवा गुडघ्यात वजन टाकताना दुखत असेल, तर खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. एक्स-रे स्वच्छ आला आणि दुखणे तसेच राहिले, तर एमआरआय किंवा सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. बारीक तडा साध्या एक्स-रेत निसटू शकतो. आणि उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले असेल, तर ते हाड मुळातच ठिसूळ झालेले असते. शस्त्रक्रियेनंतर त्या ठिसूळपणाचे औषध सुरू झाले की नाही, हेही विचारायला विसरू नका.

त्या आजी पुढच्या श्रावणात दवाखान्यात आल्या, तेव्हा चालत होत्या, पण बोटीसारख्या डोलत. उजवा पाय शस्त्रक्रियेचा आणि काठी उजव्याच हातात. ही चूक बहुतेकांची होते, कारण दुखऱ्या बाजूला आधार द्यावा असे मनाला वाटते. काठी दुसऱ्या हातात हवी, आणि त्याचे कारण कुल्ल्याच्या रचनेत आहे.

कुल्ल्यात स्नायूंचे तीन थर असतात. सर्वांत वरचा आपल्याला दिसतो तो मोठा. त्याच्याखाली, बाहेरच्या अंगाला, मधला आणि लहान असे दोन पंख्याच्या आकाराचे स्नायू असतात. त्यांचे टोक मांडीच्या त्या टणक उंचवट्यावर बसते. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. त्या क्षणी दुसऱ्या बाजूचे शरीर खाली कलू न देण्याचे काम हे दोन स्नायू करतात. त्यांना मिळालेली तरफ आखूड आहे, म्हणून त्यांना जोर फार लावावा लागतो, आणि शरीराचे वजन व स्नायूंचा ओढा मिळून एका पायावर उभे असताना खुब्यावर वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर, म्हणजे, दीडशे किलोंहून कमी नाही. हे स्नायू दुबळे झाले, तर त्या पायावर उभे राहताच दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ साली ही खूण मांडली. ती आजही त्याच्याच नावाने शिकवली जाते. काठी चांगल्या बाजूच्या हातात धरली, की ती त्या झुकणाऱ्या बाजूला खालून टेकू देते, स्नायूंचे श्रम कमी होतात आणि खुब्यावरचा भार उतरतो. दुखऱ्या बाजूच्या हातात धरली तर माणूस तिच्यावर रेलून नुसता लंगडतो. काठीची उंची मोजायची तर पायात चपला घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावा. मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

‘या कुशीवर झोपता येत नाही’ म्हणणाऱ्या बाईंचे दुखणे याच स्नायूंच्या कंडरांचे असते. मध्यमवय उलटलेल्या स्त्रियांत ते पुष्कळ आढळते. सांधा ठीक असतो, मांडी घालून बसताही येते, पण उंचवट्यावर दाबले की टाचणी टोचल्यासारखे होते. त्यांनी कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी ठेवावी, पायावर पाय टाकून बसणे सोडावे आणि स्नायूंना हळूहळू बळ द्यावे. ओट्याला धरून उभे राहायचे, शरीर ताठ ठेवून एक पाय बाजूला वीतभर उचलायचा, तीन आकडे मोजून खाली आणायचा. दुखणे वाढले नाही तर दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा पुरे.

आता वरचा मोठा स्नायू. हा शरीरातला सर्वांत मोठा स्नायू आहे. सपाट रस्त्यावर चालताना त्याला फारसे काम नसते. जिना चढणे आणि बसलेले उठणे हे त्याचे खरे काम. म्हणून रोज फेरफटका मारणारे आजोबाही सोफ्यातून उठताना ‘अरे, हात दे रे’ म्हणतात, तेव्हा मला नवल वाटत नाही. स्वतःची परीक्षा घरीच घेता येते. भिंतीला टेकवलेल्या, गुडघ्याइतक्या उंचीच्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घडी घालून ठेवा आणि पाच वेळा पूर्ण उठून बसा. पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर पायांची ताकद कमी झाली आहे असे समजा. ज्यांना तोल जाण्याची भीती आहे, त्यांनी जवळ कोणी असल्याशिवाय हे करू नये. आणि व्यायाम म्हणाल तर हीच परीक्षा हा व्यायाम! सुरुवातीला हातांचा आधार घ्या. पावले खुर्चीकडे ओढून घ्या, नमस्कार करायला वाकतो तसे पुढे झुका, मग उठा. बसताना धपकन बसू नका. सावकाश खाली येणे हाच व्यायामाचा अर्धा भाग आहे. घरच्या मंडळींना एक सुचवतो: उठण्याआधीच हात धरून उचलू नका. क्षणभर थांबा, त्यांना प्रयत्न करू द्या.

या मोठ्या स्नायूच्या खालून शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू जातो. कमरेच्या आणि त्याखालच्या मणक्यांतून निघालेली पाच मुळे एकत्र येऊन तो बनतो. सुरुवातीला त्याची रुंदी दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. कुल्ल्याच्या खालच्या, आतल्या भागातून तो मांडीच्या मागे उतरतो. आयुर्वेदात ‘गृध्रसी’ म्हणून वर्णन केलेले आणि आपण ‘सायटिका’ म्हणतो ते दुखणे या वाटेवरचे. गृध्र म्हणजे गिधाड; वेदनेने चाल गिधाडासारखी होते, म्हणून ते नाव, असे सांगतात. कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कधी तळपायापर्यंत वीज चमकावी तशी जाते. मूळ बहुधा मणक्यात असते, क्वचित कुल्ल्यातही. पुरुषमंडळींनी मागच्या खिशातले जाड पाकीट मात्र आधी काढावे. औषध सुरू करण्यापूर्वी मी ते काढायला सांगतो आणि काही जण तेवढ्यावर सुधारतात.

याच मज्जातंतूमुळे कुल्ल्यावरचे इंजेक्शन वरच्या, बाहेरच्या चतुर्थांशातच द्यायचे असते. कृश वृद्धांच्या कुल्ल्यावर मांस उरलेले नसते, तेथे जागा चुकली तर पाऊल लुळे पडण्यापर्यंत मजल जाते. ‘सुई मारा म्हणजे लवकर उतरेल’ हा आग्रह आमच्याकडे फार होतो. तो करू नका. आणि गोळ्यांचेही वेड धरू नका, कारण वेदनाशामके वृद्धांच्या मूत्रपिंडावर आणि जठरावर डूख धरतात. इंजेक्शन घ्यावेच लागले तर उभ्याने न घेता पालथे किंवा कुशीवर पडून घ्यावे, आणि सुई शिरताच पायात झिणझिणी गेली तर संकोच न करता लगेच ओरडावे.

एक लक्षण मात्र सायटिकाच्या नावाखाली घरात ठेवू नका. शौचाच्या जागेभोवती व मांड्यांच्या आत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, दोन्ही पाय ढिले पडले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. चालताना कुल्ल्यात किंवा पोटरीत गोळे येऊन उभे राहताच थांबत असतील, तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याचा संशय घ्यावा. विशेषतः मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांनी. तेच दुखणे नुसते उभे राहून न थांबता खाली बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर थांबत असेल, तर दोष बहुधा मणक्याचा.

मांडीच्या मागच्या बाजूला तीन लांब स्नायू असतात. ते बैठकीच्या हाडावर उगवतात आणि गुडघा ओलांडून खाली जातात. ओल्या फरशीवर एक पाय पुढे सटकला, तर ते वरच्या टोकाशी ताणले किंवा उखडले जातात. दोन-तीन दिवसांनी मांडीच्या मागे काळेनिळे उतरत गुडघ्यापर्यंत येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते फारच पसरते. घाबरू नका, पण दाखवून घ्या.

आता ते बैठकीचे हाड. उभे असताना मोठ्या स्नायूची जाड गादी त्यावर असते. आपण बसलो की ती वर सरकते, आणि हाड व आसन यांच्यामध्ये थोडी चरबी व कातडीच उरते. इंग्लंडात या जागेच्या सुजेला जुन्या काळी विणकरांच्या नावाने ओळखत, कारण ते दिवसभर कठीण बाकावर बसून काम करीत. आजचे आजोबा दूरदर्शनसमोर बसतात, एवढाच फरक. अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकणे, हे त्यावरचे सर्वांत स्वस्त औषध.

ज्यांना उठता येत नाही, त्यांच्यासाठी हे हाड, पाठीच्या टोकाचे त्रिकास्थी, मांडीचा बाहेरचा उंचवटा आणि टाचा ही चार धोक्याची ठाणी आहेत. घरी सेवा करणाऱ्यांनी रोज एकदा, आंघोळ घालताना किंवा अंग पुसताना, ती जागा डोळ्यांनी पाहावी. येथे संकोच परवडत नाही. मुलाला अवघड वाटत असेल तर सूनबाई, लेक, मावशी, कोणीही पाहावे, पण पाहावे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असे नाही. आसपासच्या कातडीपेक्षा काळपट किंवा जांभळट, गरम, घट्ट किंवा उलट लिबलिबीत लागणारा डाग शोधा. बोटाने दाबून सोडल्यावर रंग उडून परत आला नाही, तर व्रणाची सुरुवात झाली आहे. त्यावर तेल चोळू नका, चोळल्याने आतले नाजूक पेशीजाल फाटते. हवेची गोल रिंग खाली ठेवू नका, तिची कडा रक्त अडवते. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदला, पण पूर्ण कुशीवर नव्हे. पाठीमागे उशी लावून शरीर थोडेसे तिरपे ठेवा, म्हणजे भार ना त्रिकास्थीवर पडतो, ना उंचवट्यावर. टाचा उशीने अधांतरी ठेवा. वर सरकवताना काखेत धरून ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला. हवेची गादी घेतली असली तरी कूस बदलणे चुकत नाही.

आजींच्या सूनबाई पुढे त्यांच्या शेवटच्या आजारात हे सारे करीत होत्या. पलंगाशेजारच्या दिनदर्शिकेवर त्या दर दोन तासांनी पेन्सिलीने ‘डा’ आणि ‘उ’ लिहीत, रात्रीच्या रकान्यात मुलाचे अक्षर असे. पाच महिन्यांच्या अंथरुणात आजींच्या पाठीवर एकही व्रण झाला नाही.